संतांच्या घरात डोकावताना : जुनी चरित्रं वाचून आज काय हाती लागलं?

महिपतीबुवा ताहाराबादकरांनी १७६२ मध्ये भक्तविजय पुरा केला, आणि तेव्हापासून चातुर्मासात घरोघरी संतचरित्रं वाचली जाताहेत. वाचतात सगळेच. पण उधारी थकल्यावर, घरात भांडण पेटल्यावर, दवाखान्याच्या बाकड्यावर रात्र काढताना त्यातलं नेमकं काय आठवतं? ते इथे लिहा.

चरित्र कुणाचंही चालेल. वारकरी, महानुभाव, सूफी, बौद्ध, ख्रिस्ती, काहीही. फक्त त्या माणसाच्या आयुष्यातला एखादा प्रसंग धरून लिहा. "संतांनी समता शिकवली" छापाची वाक्यं दहावीच्या निबंधासाठी राखून ठेवा. चमत्कार खरे की खोटे यावर इथे वाद नको. एखादं चरित्र पटलं नसेल, तर तेही लिहा.

बीड जिल्हा, खत-बियाण्यांचं दुकान

आमचा निम्मा धंदा उधारीचा. पेरणीला माल न्यायचा, सोयाबीन निघालं की पैसे द्यायचे. पावसाने लागोपाठ दगा दिला आणि वही फुगत गेली. धाकटा भाऊ म्हणायचा, वसुलीला माणूस लावू. माझं मन धजेना. घरात दुसरा विषय नव्हता.

तुकोबांचं घरही दुकानदारी आणि सावकारीचं. १६२९ नंतरच्या दुष्काळात पहिली बायको अन्न अन्न करत गेली, दिवाळं निघालं, हे त्यांनी स्वतःच अभंगांत सांगितलंय. पुढे खतपत्रं, म्हणजे कर्जाचे कागद, इंद्रायणीत बुडवली. कीर्तनात या ठिकाणी टाळ्या पडतात. पण त्याच्या आधलं कीर्तनकार घाईत उरकतात. कान्होबांनी, म्हणजे धाकट्या भावाने, आपला वाटा मागितला होता. तुकोबांनी निम्मी खतं त्याच्या हवाली केली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली.

मला तर बुडवण्यापेक्षा हे वाटणं मोठं वाटतं. वैराग्य स्वतःच्या वाट्यातून करायचं, भावाच्या नाही. भाऊ हिशेबाला पक्का निघाला म्हणून त्याला नावं ठेवल्याचंही कुठे दिसत नाही. मीही वह्या वाटून घ्यायचं ठरवलं. माझ्या वाट्यात ज्यांच्याकडे खरंच काही उरलं नव्हतं, त्यांची खाती बंद केली. भावाने त्याची वसुली त्याच्या रीतीने केली. आमचं बोलणं चालू राहिलं, हे मुख्य.

हे करण्याआधी बायकोला विचारलं. तुकोबांच्या दुसऱ्या बायकोला, जिजाईला, कुणी विचारलं होतं असं दिसत नाही, आणि मग तिने जन्मभर जे ऐकवलं त्यात मला तरी काही गैर वाटत नाही. सगळी वही बुडवली असं मात्र समजू नका. कंपनीचे पैसे हंगामाच्या आधी भरावे लागतात, तिथे अभंग चालत नाही.

पिंपरी-चिंचवड

जिजाईबद्दल शंभर टक्के. डोंगर चढून नवऱ्याला भाकरी पोचवणाऱ्या बाईला कजाग म्हणून मोकळं व्हायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय.

नाशिक, कौटुंबिक सल्ला केंद्रात काम

बहिणाबाई म्हटलं की सगळ्यांना जळगावच्या चौधरी आठवतात. मी लिहितेय त्या सतराव्या शतकातल्या, देवगावात जन्मलेल्या आणि शिऊरला समाधी असलेल्या बहिणाबाई. लहानपणीच लग्न, नवरा वयाने कितीतरी मोठा, ज्योतिषी. कर्जापायी आईवडिलांसकट गाव सोडून हे कुटुंब फिरत फिरत कोल्हापूरला आलं. तिथे बाई कीर्तनाला जाऊ लागली, एका वासरावर तिचा जीव जडला, लोक तिला मान देऊ लागले, आणि नवऱ्याने तिला बांधून मारलं. तुकोबांची स्वप्नात भेट झाली ती याच काळात. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू करावं, म्हणून घरात आणखी आग.

हे सगळं तिने स्वतः लिहून ठेवलंय. आमच्या केंद्रात आलेली बाई "तसं काही नाही हो" इथपासून सुरुवात करते आणि मार हा शब्द तोंडातून निघायलाच चार भेटी जातात. बहिणाबाईने साडेतीनशे वर्षांपूर्वी तो ओव्या-अभंगांत मांडला. नवऱ्याची बदनामी होईल म्हणून गाळला नाही.

दुसरं म्हणजे तिचे मागचे जन्म. १७०० साली, शेवटच्या आजारात, तिने मुलाला, विठोबाला जवळ बसवून आपल्या आधीच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. हा तेरावा. आमच्याकडे बायका "मागच्या जन्मीचं पाप" म्हणत येतात तेव्हा मला हे आठवतं. खरं सांगायचं तर बहिणाबाईनेही संचिताला बोल लावलाय. पण ती तिथे बसून राहिली नाही. बाईचा देह म्हणून परमार्थाची वाट बंद का, असं वेदपुराणांना तोंडावर विचारलं. आणि ते बारा जन्म ती सांगते तेही एका साधकाची वाटचाल म्हणून. ही गोष्ट मी काही जणींना सांगते. मागचा जन्म मानता ना, माना, पण ते सोसण्याचं कारण म्हणून नको.

पतिसेवा हाच धर्म, हेही तिने लिहिलंय. तो भाग मी सांगत नाही. चरित्रातून काय घ्यायचं हे मीच ठरवते, आणि त्याबद्दल मला कुणाची परवानगी नकोय.

कोल्हापूर

मुलगा गेला. मोठ्या आजाराने. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

भेटायला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी गाडगेबाबांची तीच गोष्ट ऐकवली. कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गेल्याची बातमी आली आणि बाबा म्हणाले, असे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता. मला ती गोष्ट अजूनही सहन होत नाही. बाबांवर राग नाही. उपचारांच्या काळात मुंबईत आम्ही ज्या छपराखाली राहिलो, ती दादरची धर्मशाळा त्यांच्याच नावाची. तिथे आम्हाला रडू नका असं कुणी म्हणालं नाही. ताट वाढून पुढे ठेवायचे, बस्स.

माझ्या उपयोगी पडले निवृत्तिनाथ. १२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे नामदेवांचे अभंग आहेत. निवृत्तिनाथ नुसते थोरले भाऊ नव्हते, गुरू होते. ज्यांनी ज्ञान दिलं तेच. एवढ्या अधिकाराचा माणूस तिथे कोसळतो. भरल्या तळ्याचा बांध फुटून पाणी वाट मिळेल तिकडे धावावं, तसं त्यांचं झालं. आईबाप सोडून गेले तेव्हाही असं झालं नव्हतं, असं ते म्हणतात. आणि बाकीचे संत त्यांना ब्रह्मज्ञान सांगून गप्प करत नाहीत. तेही रडतात.

कीर्तनकार या अभंगांनंतर लगेच "पण आत्मा अमर आहे" वर येतात. मी ते अभंग तेवढेच वाचतो आणि वही मिटतो.

सोलापूर, बांधकाम साईटवर इंजिनिअर

धागा छान चाललाय, मी जरा खडा टाकतो.

मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं. कुसू ढासळलं आणि चोखोबा इतर मजुरांसोबत गाडले गेले. साल १३३८. पुढची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. नामदेव आले, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती गोळा केली, पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली. हाडं ओळखावी लागली याचा अर्थ तिथे आणखी माणसं मेली होती. त्यांची नावं कुठे आहेत? काम कुणाचं होतं, भिंतीखाली माणसं कुणी उभी केली? चमत्कार इतका सुंदर आहे की अपघाताची चौकशी राहूनच गेली.

चोखोबांचा मुलगा कर्ममेळा याने तर देवालाच धारेवर धरलं. जन्म उष्टं खाण्यात गेला, तुला लाज कशी वाटत नाही, असं विचारलं. संतांच्या यादीत मला हा मुलगा सगळ्यात जवळचा वाटतो. वडिलांसारखा सोशिक नाही.

उपयोग काय म्हणाल, तर हजेरीपत्रकात प्रत्येक मजुराचं पूर्ण नाव आणि गाव लिहून घेतल्याशिवाय मी पायाच्या खड्ड्यात कुणाला उतरू देत नाही. "सुपरवायझरचे अधिक सहा" असली नोंद चालत नाही. ठेकेदार हसतात. आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय खोदाई पुढे नेत नाही, त्यावर मात्र हसत नाहीत, चिडतात. चालायचंच.

मडगाव, शिक्षिका

थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि मराठी ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण रचलं. जवळजवळ ११ हजार ओव्या, १६१६ मध्ये राचोलला छापल्या, रोमी लिपीत. त्यात एक जागा आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या बदल्यात आम्हाला वाचायला काय देता?

त्या काळी गोव्यात काय काय बंद केलं गेलं ते सांगायला बसले तर वेगळा धागा लागेल, आणि तो गोड नसेल. पण हा प्रश्न स्टीफन्सने दाबला नाही, पुराणातच घेतला, हे मला आवडतं. शाळेत मुलांचे मोबाईल काढून घ्यायचा ठराव झाला तेव्हा मी शिक्षकांच्या बैठकीत हाच प्रश्न विचारला. उत्तर म्हणून कॅरमचे दोन बोर्ड आले. ११ हजार ओव्या नाहीत, पण ठीक आहे.

टोरांटो

एकनाथ आणि त्यांचा मुलगा हरिपंडित. ज्या नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, त्यांच्या मुलालाच बापाचं प्राकृतात, म्हणजे मराठीत, पुराण सांगणं कमीपणाचं वाटे. तो रुसून काशीला गेला. नाथ तिथे जाऊन त्याच्या अटी मान्य करून त्याला घेऊन आले. नाथांनी परान्न घ्यायचं नाही, प्राकृतात सांगायचं नाही. पुढे त्याचं मन वळलं असं परंपरा सांगते, पण ते पुढे. अटी मान्य केल्या तेव्हा ते नाथांना ठाऊक नव्हतं.

आमच्या मुलीचं उलट आहे, तिला आमचं देवघर कमीपणाचं वाटतं. ती घरी येते तेवढे दिवस मी आरती मोठ्याने म्हणत नाही. बायकोला हे अजिबात मान्य नाही.

अहिल्यानगर जिल्हा, पाणी वापर संस्थेचा सचिव

बाबासाहेबांच्या निधनानंतर १९५७ मध्ये निघालेल्या त्यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धाचं चरित्र वेगळं आहे. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी दिसला म्हणून सिद्धार्थाने घर सोडलं, ही गोष्ट बाबासाहेबांनी नाकारली. त्यांच्या मांडणीत कारण पाण्याचं आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांची मारामारी झाली. सेनापतीने शाक्यांच्या संघापुढे, म्हणजे सभेपुढे, युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने विरोध केला आणि म्हणाला, दोन माणसं आपण निवडू, दोन त्यांनी निवडावीत, त्या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा द्यावा. त्याचा ठराव पडला. बहुमत युद्धाच्या बाजूने. मग त्याच्यापुढे पर्याय आले: सैन्यात ये, नाहीतर देहदंड किंवा देशत्याग, नाहीतर घरच्यांवर बहिष्कार आणि जमीन जप्त. घरच्यांना झळ नको म्हणून त्याने परिव्रज्या, म्हणजे संन्यास, घेतली.

ज्याने उन्हाळी आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सुटतं तेव्हा, चारीवर (शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या पाटावर) रात्र काढलीय त्याला हे वाचताना वेगळं काही सांगावं लागत नाही. वरचे लोक दारं उचलून पाणी फिरवतात, टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, माणसाची पाळी येईपर्यंत चारी कोरडी. सिद्धार्थाच्या वेळीही भांडण आधी मजुरांत जुंपलं होतं, मालक मागाहून आले. आमच्याकडे तर मालकच फावडं घेऊन येतात.

यंदाच्या वार्षिक सभेत मी तोच ठराव मांडला, कुठून घेतला ते न सांगता. सांगितलं असतं तर निम्म्या सभेने आधी माझी जात काढली असती आणि मग ठराव वाचला असता. मंजूर झाला. हेडची, म्हणजे वरच्या टोकाची, दोन माणसं ठरली, टेलचीही ठरली. पाचव्या माणसावर घोडं अडलंय.

पिंपरी-चिंचवड

एखादा निवृत्त पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा माणूस, घ्या की. त्याला सगळ्या चाऱ्या माहीत असतात.

अहिल्यानगर जिल्हा, पाणी वापर संस्थेचा सचिव

पाटकऱ्यावरूनच तर भांडण सुरू झालं होतं, ताई.