चुना झडतो, कारण त्याला ओल मिळत नाही

‘विटेच्या भिंतीला दिलेला चुना वर्षभरात पिठासारखा हाताला लागतो, त्यापेक्षा सरळ ॲक्रिलिक रंग द्या’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. असा झडणारा चुना बहुतेक वेळा कोरड्या, तापलेल्या विटेवर मारलेला असतो. चुना नुसता वाळत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे चुनखडीच. त्यासाठी ओल लागते. पश्चिमेची भिंत मी आधी भर उन्हात रंगवली, ती महिन्याभरात झडू लागली. मग ती घासून काढली, आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा मारायच्या आधी भिजवली, आणि दुधाइतके पातळ तीन हात दिले. ओला असताना चुना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून जाड लावायचा मोह होतो. तो टाळाच, पांढरेपणा वाळल्यावर येतो.

आणि सुरुवात करण्याआधी विटेवर पाणी शिंपडून बघा. थेंब आत न मुरता ओघळले, तर वर जुना रंग किंवा सीलर, म्हणजे पाणी आत जाऊ न देणारा लेप, आहे. त्यावर चुना धरणार नाही. डोळ्यांना गॉगल मात्र हवाच, चुन्याचा एक शिंतोडाही फार भाजतो.