१२ व्होल्टला घरची वायर चालेल का?
१२ व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून होडीत घरची उरलेली दीडची (दीड चौ. मिमी जाडीची) वायर चालेल, असं काही जण म्हणतात. शॉकचं खरं आहे, पण करंटचं काय? ६० वॉटचा दिवा घरी पाव अँपिअर ओढतो, बॅटरीवर ५. दिवा ६ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १२ मीटर तांबं. दीडच्या वायरीत १२ पैकी सुमारे ०.८ व्होल्ट तिथंच जातो. चारची (४ चौ. मिमी), बारीक तारांची वायर घ्या.

होडी नाथसागरात (जायकवाडी धरणात) असेल तर पाणी गोडं, कोकणासारखा खारा गंज नाही. तरी वायरीचे जोड होडीच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यापासून वरच ठेवा. आणि फ्यूज बॅटरीच्या प्लसला लागूनच, स्विचजवळ नको! वायर मधेच घासून शॉर्ट झाली तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते, अन् शेजारीच पेट्रोलचा कॅन असतो.