मदत हवी आहे: बाबांना पुन्हा अ‍ॅडेनोसिन देणार आहेत

रानवारा
परवा बाबांची हृदयाची स्ट्रेस टेस्ट आहे. गुडघ्यांमुळे ट्रेडमिलवर चालवत नाही, म्हणून औषध देऊन स्कॅन करणार. फॉर्मवर औषधाचं नाव पाहिलं तर अ‍ॅडेनोसिन. मागे धडधड थांबत नव्हती तेव्हा इमर्जन्सीत हेच दिलं होतं. मी शेजारीच उभा होतो. इंजेक्शन, पाठोपाठ सलाईनची मोठी सिरिंज, आणि मॉनिटरवरची रेघ सपाट. बाबांचा चेहरा लालबुंद, हात छातीवर, "श्वास... श्वास" एवढंच तोंडातून निघालं. मग ठोके सावकाश परत आले. जे औषध सेकंदांत हृदय थांबवतं ते आता काही मिनिटं चालू ठेवणार? बाबा टेस्टला साफ नाही म्हणतायत. लवकर सांगा. नुसतं "डॉक्टरांना विचारा" नको.

पानगळ
निदान काय होतं? डोस किती? वय? टेस्ट कशासाठी? इतर आजार, चालू औषधं?

रानवारा
एसव्हीटी, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारी वेगवान धडधड. आधी ६ मिलिग्रॅम, फरक पडला नाही म्हणून १२. वय ६८. हल्ली छातीवर दडपण येतं म्हणून टेस्ट. बाकी काही नाही. मूळ प्रश्नाचं सांगा ना कुणीतरी.

काजवा
एसव्हीटीला आधी सुधारित वल्साल्वा (श्वास कोंडून जोर लावायची युक्ती) करून बघायला हवं होतं. १५ सेकंद जोर लावून फुंकायचं आणि लगेच आडवं करून पाय ४५ अंशांवर उचलायचे. २०१५ च्या रिव्हर्ट अभ्यासात ४३ टक्के रुग्णांची लय यानेच ताळ्यावर आली, जुन्या पद्धतीने १७ टक्के.

पानगळ
प्रश्न परवाच्या टेस्टचा आहे हो.

सातवीण
आयसीयूत काम करते, त्यामुळे ते दृश्य चांगलं ओळखीचं आहे. मागच्या वेळी औषध एका झटक्यात शिरेत ढकललं होतं. ते हृदयापर्यंत एकगठ्ठा पोचावं लागतं, म्हणून मागून सलाईन. तिथे ए१ रिसेप्टर (पेशींवरचे, औषध जिथे चिकटतं ते ग्राहक) पेशीतलं पोटॅशियम बाहेर सोडायला लावतात आणि एव्ही नोड, म्हणजे वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत वीज पोचवणारी गाठ, क्षणभर गप्प होतो. एसव्हीटीचा विजेचा फेरा बहुधा त्याच नोडमधून जातो, म्हणून तो तुटतो. रेघ सपाट होणं हाच औषधाचा परिणाम. रक्तातल्या लाल पेशी आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर ते इतक्या झपाट्याने शोषून घेतात की अर्धायुष्य १० सेकंदांहूनही कमी.
टेस्टमध्ये तेच पंपातून हळूहळू जातं, दर किलो वजनाला मिनिटाला १४० मायक्रोग्रॅम, ४ ते ६ मिनिटं. या वेगाला मुख्य काम ए२ए रिसेप्टरचं: हृदयाच्या रक्तवाहिन्या सैल होतात. जिथे अडथळा आहे तिथली पुढची वाहिनी आधीच ताणून रुंद झालेली असते, तिथला प्रवाह फारसा वाढत नाही आणि तो फरक स्कॅनमध्ये दिसतो. रक्तदाब थोडा उतरतो आणि ठोके बहुतेकदा वाढतात. थोडा वेळ एव्ही ब्लॉक (त्या नोडमधून वीज खाली न पोचणं) येऊ शकतो, म्हणून ईसीजी सतत लावलेला असतो. ड्रिप बंद केली की परिणाम लगेच ओसरतो.

उंबरठा
श्वासाचं म्हणाल तर ती घबराट असते. आधी नीट समजावलं की काही होत नाही.

सातवीण
असहमत. मानेतल्या कॅरॉटिड बॉडीला (रक्तातल्या ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारी छोटी गाठ) अ‍ॅडेनोसिन थेट चेतवतं आणि मेंदूला श्वास वाढवण्याचा निरोप जातो. ऑक्सिजन ९८ दिसत असतानाही माणसाला हवा अपुरी वाटते. भीती त्यातून येते. रुग्णाला "घाबरू नका, काही नाही" म्हणून गप्प बसवणं मला अजिबात पटत नाही.

उंबरठा
समजावल्याने त्रास कमी होतो हे मी घरात पाहिलंय, एवढंच.

मध्यरात्र
अवांतर: दिवसभर मेंदूत साचून झोप आणणारं अ‍ॅडेनोसिन हेच. कॉफी त्याचेच रिसेप्टर अडवते. हृदयावरचा परिणाम ड्रुरी आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी १९२९ मध्येच लिहिला होता.

पानगळ
अवांतर कसलं, कामाचं आहे! कॅफीनमुळे टेस्ट फसते. चहा, कॉफी, कोला किमान १२ तास बंद, बऱ्याच ठिकाणी २४ सांगतात. रानवारा, बाबांना दमा?

रानवारा
दमा असा नाही. छाती वाजते अधूनमधून, त्याला पंप आहे आणि रोज रात्री थिओफिलिनची गोळी. वर्षानुवर्षांचं आहे ते, म्हणून लिहिलं नाही.

सातवीण
हेच सगळ्यात आधी हवं होतं! आत्ता फोन करून टेस्ट करणाऱ्यांना सांगा. थिओफिलिन हेच रिसेप्टर अडवतं. मागे ६ ने काम झालं नाही त्याचं तेही कारण असू शकतं. आता गोळी घेऊन टेस्ट झाली तर अडथळा असूनही स्कॅन चांगला दिसेल. शिवाय छाती वाजणाऱ्यांच्या श्वासनलिका अ‍ॅडेनोसिनने खरोखर आवळू शकतात, ते कॅरॉटिड बॉडीचं प्रकरण नाही. घरघर चालू असेल तर अ‍ॅडेनोसिन देतच नाहीत, डोब्युटामिन या ठोके वाढवणाऱ्या औषधावर टेस्ट करता येते. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नका.

पानगळ
डायपिरिडामोल (रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध) चालू असेल तर तेही सांगा, त्याने परिणाम कितीतरी वाढतो. फिट्सचं औषध कार्बामाझेपिनसुद्धा.

रानवारा
ती दोन्ही नाहीत. फोन केला. उद्या सगळी औषधं घेऊन या म्हणाले, छाती तपासून ठरवतील. टेस्ट पुढे जाईल कदाचित. सातवीण, तुमचा श्वासाचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. "म्हणजे मला भास झाला नव्हता," म्हणाले. उद्या यायला तयार आहेत.

काजवा
एसव्हीटी परत आली तर वल्साल्वा लक्षात ठेवा. पाय उचलायला दुसरा माणूस लागतो.