चिखलदऱ्यासाठी गिअर आणि काटे
एकाने विचारलंय, सायकलने परतवाड्याहून चिखलदरा चढायला मागे ११-२५ कॅसेट (मागच्या चाकावरचा ११ ते २५ दातांच्या चकत्यांचा संच) चालेल का. समोर पेडलपाशी ३४ दातांची चकती असली तरी नका नेऊ. मागे सर्वात मोठ्या चकतीला ३२ दात हवेतच. चिखलदरा साधारण १,१०० मीटरवर आहे, चढ लांब चालतो आणि गुडघे शेवटी बोलतात. उतरताना ब्रेक सतत धरू नका, रिम तापून ट्यूब फुटते. वळणाआधी दाबा, मग सोडा. सागाची पानगळ सुरू झाली की वळणावर सायकल झुकवू नकाच.

खरा त्रास बाभळीच्या काट्यांचा! टायरमध्ये मोडलेलं टोक आतून कापडाने चाचपून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, लगेच पुन्हा पंक्चर होते. पावसाळ्यात काळ्या मातीत उतरलात तर चाक ब्रेकपाशी जाम होतं, काडीने खरवडूनच निघा. मेळघाटातल्या सेमाडोहकडून सिपना नदीच्या खोऱ्यातून येणारा रस्ता सुंदर, पण वाघाचं जंगल आहे; अंधाराआधी बाहेर पडा.