पाण्याचं किट गाडीला बसवावं का?

मांडवीकाठ: म्हापशात एक विक्रेता १२०० सीसी पेट्रोल गाडीला पाण्याचं किट बसवून देतोय. बॉनेटखाली लिटरभर पाण्याची टाकी, विजेने पाण्याचा हायड्रोजन-ऑक्सिजन वायू करणारे सहा सेल, बॅटरीवरून १० अँपिअर, तयार झालेला वायू इंजिनात हवा घेणाऱ्या इनटेकमध्ये. ऑक्सिजन सेन्सरला एक चिपही जोडतात. मायलेज ३० टक्के वाढतं म्हणतो. बोअरवेलचं पाणी आणि चिमूटभर मीठ पुरतं म्हणे. खरं आहे का हे?

वायरमन_फोंडा: बाब, पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. राखेने चूल पेटत नाही.
हिशेब बघा. सेल सिरीजमध्ये, १३.८ व्होल्ट, १० अँपिअर, म्हणजे १३८ वॅट. फॅरडेच्या नियमाने मिनिटाला सुमारे ०.६३ लिटर वायू मिळतो. त्यातल्या हायड्रोजनची उष्णता जेमतेम ७५ वॅट, आणि इंजिन त्यातला पाव भागच कामाला लावतं: १९ वॅट. तेवढ्यासाठी अल्टरनेटर इंजिनाकडून २५० वॅटच्या आसपास ओढतो. हा तोटा पेट्रोलच भरून काढणार.

रसायन_मडगाव: मीठ अजिबात नको. क्लोरीन सुटतो, स्टीलच्या प्लेटा खातो. जाणकार डिस्टिल्ड पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालतात, प्लेटा ३१६ एल स्टीलच्या घेतात. पण ते द्रावण डोळ्यांत उडालं तर डोळा जाऊ शकतो. एप्रिलच्या उकाड्यात बॉनेटखाली द्रावण तापलं की त्याचा रोध घटतो, करंट चढतो, त्याने ते आणखी तापतं. फ्यूज उडाला तर नशीब. शिवाय हायड्रोजन-ऑक्सिजन आधीच मिसळलेले. मध्ये बबलर (वायू पाण्यातून सोडून आग अडवणारी बाटली) नसेल तर इंजिनाच्या बॅकफायरची आग थेट टाकीत शिरते.

मांडवीकाठ: मग काहींना मायलेज वाढल्याचं कसं दिसतं?

वायरमन_फोंडा: चिपमुळे. ती ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असल्याचं भासवते, ईसीयू पेट्रोल कापतो. पुढे मिसफायर होतो, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो, व्हॉल्व्ह जळतात.
तपासायचंच तर चिप काढा. एकाच पंपावर, एकाच नोझलने ऑटो-कटपर्यंत टाकी भरा. किट चालू ठेवून तीन टाक्या, बंद ठेवून तीन. स्विच दुसऱ्याने दाबायचा, चालवणाऱ्याला न सांगता. टायरचा दाब, एसी, पणजी–मडगाव हाच रस्ता, सगळं सारखं.

मांडवीकाठ: पण गडकरी हायड्रोजनच्या गाडीतून संसदेत आले होते ना?

रसायन_मडगाव: हो, मार्च २०२२, टोयोटा मिराई. तिच्या टाकीत बाहेर तयार केलेला हायड्रोजन ७०० बार दाबाने भरतात. पाणी तिच्यातून बाहेर पडतं, आत घालत नाहीत. पाण्यावर गाडी चालवण्याचा दावा करणाऱ्या स्टॅनली मेयरच्या सेलमध्ये तज्ज्ञांना साधं इलेक्ट्रोलिसिसच (विजेने पाणी फोडणं) सापडलं. १९९६ साली ओहायोच्या कोर्टाने ती फसवणूक ठरवून गुंतवणूकदारांचे पैसे परत द्यायला लावले.