मुलं परमुलखात, अडचणीत राहून येतात तेव्हा त्यांच्यात काय बदलतं, आणि कशामुळे? (अनुभव धागा)

माळवाट
काल ओळखीतल्या एका बाईंचा फोन आला. मुलगी सतरा वर्षांची, दहा महिने दुसऱ्या देशात एका कुटुंबात राहून तिथल्या शाळेत जाणार आहे. त्यांना सामानाची यादी हवी होती. ती दिली, पण जुन्या तुकड्यांच्या निघण्याआधीच्या बैठका डोळ्यांसमोर आल्या आणि फोनवर न मावणारं बरंच काही राहून गेलं. म्हणून हा धागा.

परकं जग दिसलं की पोरांची नजर आपोआप रुंदावते असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडून ठेवलंय की दोन गटांची नुसती गाठ पडून पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा बरोबरीचा हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज लागायला हवी आणि वरच्या माणसांचा पाठिंबा हवा. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले (२००६). त्यांना दिसलं की संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात, आणि या चार अटी असतील तर जास्त कमी होतात.

घरात याचा अर्थ एवढाच, की मूल तिथे पाहुणं राहता कामा नये. पहिल्या रात्रीच, लाज बाजूला ठेवून, यजमानांना विचारायचे प्रश्न आम्ही लिहूनच देतो. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? माझ्याकडे रोजचं कुठलं काम? मळके कपडे कुठे, धुवायचे कोणी? न्हाणीघर सकाळी कुणाला किती वाजता लागतं? भूक लागली तर स्वतः काढून घेऊ की विचारू? कुठल्या खोलीत जायचं नाही? बाहेरून यायला उशीर झाला तर कुणाला कळवायचं? हे विचारलं नाही तर दोन्हीकडची माणसं सौजन्याने गप्प राहतात आणि तिसऱ्या आठवड्यात टॉवेलवरून कुढत बसतात. काम मात्र रोजचं आणि खरं हवं. ते केलं नाही तर कुणाचं तरी अडायला हवं.

इथे शिबिरं, अदलाबदल, वसतिगृहं चालवणारे बरेच आहेत. किस्से नकोत, काय करता आणि काय फसतं ते लिहा.

उंबरठा
फार गरजेचा धागा. कपडे वाळत घालता घालता लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

घरच्या आठवणीबद्दल. निघताना आईबाप म्हणतात, "नाही आवडलं तर लगेच घ्यायला येऊ हं." हे वाक्य अजिबात नको! मुलाला त्यातून एवढंच ऐकू येतं की हे मला जमणार नाही असं घरच्यांनाच वाटतंय. मग पहिल्या वाईट संध्याकाळी ते सुटकेचाच विचार करत बसतं, सवय लावून घ्यायचा प्रयत्नच करत नाही. थर्बर आणि वॉल्टन यांनी २००७ मध्ये बालरोगतज्ज्ञांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनातही असा सौदा करू नका असं स्पष्ट आहे. त्याऐवजी:
जाण्याचा निर्णय घेताना मुलाला बरोबर घ्या.
आधी दोन-तीन रात्री नातेवाइकांकडे राहू द्या, फोनशिवाय. आल्यावर कुठे जड गेलं, काय केल्याने बरं वाटलं ते विचारा. तोच उपाय तिथे वापरायचा असतो.
आठवण येणारच, जवळजवळ सगळ्यांना येते, हे आधीच सांगा.

बाकी संध्याकाळी.

तिठा
माळवाट, ऑलपोर्टच्या जोडीला शेरिफ या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग हवाच. १९५४, ओक्लाहोमा, साधारण अकरा वर्षांच्या बावीस मुलांचं शिबिर, दोन गट. स्पर्धा लावल्या तशी शिवीगाळ, झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाड. मग दोघांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. काहीही निवळलं नाही, उलट जेवणातच फेकाफेकी. फरक पडू लागला तो छावणीचं पाणी बंद पडलं आणि बंद पडलेला ट्रक दोरीने ओढायची वेळ आली तेव्हा, तोही एका फटक्यात नाही, असे प्रसंग लागोपाठ आल्यावर. आपल्याकडचे 'सांस्कृतिक मेळावे' बघा. नाच, पोशाख, खाऊचे स्टॉल, फोटो. ही त्या एकत्र जेवणाचीच जात आहे. पहिल्या दिवशी ठीक, पण तेवढ्यावर थांबलं तर पोरं एकमेकांना नमुना म्हणून बघून घरी जातात.

कंदील
@तिठा, पण तिथली भांडणं संशोधकांनीच पेटवली होती, आणि पाणीही त्यांनीच बंद केलं होतं. मुलांना पत्ता नव्हता. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. त्यावरून शिबिरं आखायची म्हणजे जरा जपून.

तिठा
मान्य. म्हणूनच खोटी अडचण उभी करू नये असं माझंही मत आहे. खरी कामं जगात कमी नाहीत.

पहारकुदळ
खऱ्या कामाचं मी सांगतो, श्रमशिबिरं हाच आमचा उद्योग.

या प्रकाराची सुरुवात १९२० ची. पिएर सेरेसोल या स्विस माणसाने फ्रान्समधल्या व्हर्दंजवळच्या एस्न गावी, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेली घरं बांधायला वेगवेगळ्या देशांचे स्वयंसेवक नेले, त्यात जर्मनही होते. गावाला जर्मन नको होते आणि काही महिन्यांत काम थांबलं. पुढे हाच माणूस १९३४ च्या भूकंपानंतर बिहारमध्ये गावं उभारायला आला. पहिल्या फसलेल्या कामातला धडा आजही लागू आहे. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांनीच ते मागितलेलं असावं, आणि कोण येणार हेही त्यांना आधी ठाऊक असावं.

आता बांधणी. माणसं बारा ते पंधरा. वीसच्या वर गेली की आतल्या आत टोळ्या पडतात. एका भाषेची तीनपेक्षा जास्त नकोत, नाहीतर संध्याकाळी ती एकत्र बसतात आणि उरलेले मोबाईलमध्ये. मुदत दोन-तीन आठवडे. काम दिवसाला पाच-सहा तास, पण पहिले दोन दिवस चारच. पहिल्या दिवशी उत्साहात आठ तास खणलं की तिसऱ्या दिवशी निम्मी आडवी, आणि मग 'मी करतोय, ते लोळतायत' हे देशावर जातं. अमुक देशाचे आळशी! हे शिक्के बहुतेक वेळा थकव्यातून पडतात, म्हणून कामाची विभागणी हा मला पूर्वग्रहाचाच विषय वाटतो.

जोड्या रोज बदला. स्वयंपाकाच्या आणि भांड्यांच्या पाळ्या भिंतीवर लावा, सगळ्यांची नावं सारख्या वेळा आली पाहिजेत. मुकादम गावातला गवंडी असावा. परदेशी पदवीधराला विटेचा थर ओळंब्यात आहे की नाही हे चौथी शिकलेला माणूस दाखवतो तेव्हा बरोबरीचा दर्जा म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. आणि मुलांकडून पाया, छप्पर, विजेचं काम करून घेऊ नका. नवशिक्यांनी बांधलेली भिंत रात्री गवंड्याने पाडून पुन्हा बांधायची हे काही ठिकाणी चालतं आणि ते फार वाईट आहे. खणणं, माती वाहणं, चाळणं, रंग, रोपं, एवढंच द्या.

सहजच
पहारकुदळ दादा, मुलगा पुढच्या महिन्यात अशाच शिबिराला जातोय. बूट कुठले घ्यावेत? पायाला लगेच फोड येतात त्याला.

पहारकुदळ
कुठलेही चालतील, पण नवेकोरे नकोत. आधी दोन आठवडे रोज तासभर घालून चालू दे. फोड यायच्या आधी ती जागा गरम लागते, तेव्हाच थांबून चिकटपट्टी लावायची. 'एवढं संपवतो आणि लावतो' म्हटलं की फोड आलाच. मोजे दुपारी बदलायचे, ओल्या कातडीला लवकर फोड येतात. लहान फोड फोडायचा नाही. हातमोजे घरूनच द्या, शिबिरातले मापाचे नसतात.

उंबरठा
आणि जुलाबासाठी जलसंजीवनीची पाकिटं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर धोका असतो, अंदाजपंचे नको.

ओंजळ
विषय बूट आणि जुलाबांवर गेला, पण तेही हवंच :)

मला एका वाक्याबद्दल लिहायचंय. गरीब वस्तीत आठवडाभर राहून आलेली मुलं म्हणतात, "त्यांच्याकडे काही नाही, तरी किती आनंदी आहेत!" मोठी माणसं कौतुक करतात. मला हे वाक्य आलं की सहल फसली असं वाटतं. पाहुण्याला आदरातिथ्याचे तास दिसतात. हप्त्याची तारीख दिसत नाही, दवाखान्याची रांग दिसत नाही. नवा माणूस आला की लहान मुलं हसतातच, कुठेही.

उपाय: एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायला लावा आणि मग गणित मांडा. पाणी घ्या. माणशी दिवसाला वीस लिटर, म्हणजे अगदी किमान. पाच जणांचं घर, शंभर लिटर. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो, पाच खेपा. जाऊन-येऊन, रांगेसकट अर्धा तास धरला तर अडीच तास. रोज. आता हे अडीच तास घरातल्या कुणाचे जातात ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर मुलगी किंवा आई. मग ती शाळेत उशिरा का पोचते, हा प्रश्न मुलं स्वतः विचारतात. कीव तिथे मागे पडते आणि कारणं शोधणं सुरू होतं. एवढ्यासाठीच तर नेतो आपण.

अजून एक. अनाथाश्रमात आठवडाभर 'मुलांशी खेळायला' तरुणांना पाठवू नका. तिथल्या मुलांना दर आठवड्याला नवा जिव्हाळा आणि नवी ताटातूट मिळते. आपल्या मुलांच्या अनुभवासाठी दुसऱ्यांची मुलं वापरायची नाहीत.

कंदील
ओंजळ, शेवटच्या परिच्छेदाला शंभरदा अनुमोदन.

गवतफूल
वाचतेय. एक विचारू? आमच्याकडे पैशाची चणचण आहे आणि ती मुलांपासून लपवताना जीव मेटाकुटीला येतो. इथे सगळे मुद्दाम कष्टात पाठवायचं बोलताहेत. जे आधीच कष्टात आहेत त्यांचं काय होतं?

तिठा
गवतफूल ताई, तुमचा प्रश्न धाग्यातला सगळ्यात मोलाचा. हाल झाले की माणूस घडतो, हे अर्धं खरं आहे आणि उरलेलं अर्धं क्रूर आहे.

ग्लेन एल्डरने अमेरिकेतल्या १९३० च्या महामंदीत वाढलेल्या मुलांचा माग काढला. ऑकलंडची मुलं १९२०-२१ ची, म्हणजे मंदीत किशोरवयात होती. बर्कलेची १९२८-२९ ची, अगदी लहान. झळ दोघांनाही बसली, पण मोठी मुलं पुढे जास्त सावरलेली दिसली, लहानग्यांवर, त्यातही मुलग्यांवर, ओरखडा खोल. मोठ्यांना बाहेर छोटी कामं मिळाली, मुलींनी घर सांभाळलं, आपली गरज आहे हे त्यांना कळत होतं. लहानांच्या वाट्याला फक्त घरातला ताण आला.

दुसरा अभ्यास हवाईतल्या काउआई बेटावरचा, एमी वर्नर यांचा. १९५५ मध्ये जन्मलेली ६९८ मुलं, कित्येक दशकं. ज्यांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, आजारपण असं बरंच काही एकदम आलं त्यांतली साधारण एक तृतीयांश चांगली निभावली. त्यांच्याजवळ कुणीतरी एक भरवशाचं मोठं माणूस होतं, आजी, शिक्षक, शेजारी, कुणीही. आणि अंगावर झेपेल अशी जबाबदारी होती. उरलेल्या दोन तृतीयांशांना त्रास झाला हेही विसरायचं नाही.

म्हणून माझं मत: किशोरवयीन मुलांपासून लपवू नका. आकडा सांगायची गरज नाही, काय कापावं लागतंय आणि काय कापणार नाही ते सांगा. शाळा चालू राहणार, घर तेच राहणार, हे ठामपणे सांगा. एक खरं काम सोपवा. पण पैशाची काळजी त्यांच्याजवळ बोलून दाखवायची नाही, ती मोठ्यांत बोला. लहान भावंडांना मात्र एवढंच, की आपण सांभाळून घेतोय.

गवतफूल
मनापासून आभार. आज रात्रीच बोलते थोरलीशी.

उंबरठा
गवतफूल, तुझी विचारपूस (निरोपांचं पान) बघ गं, लिहिलंय. शिष्यवृत्त्यांचंही टाकलंय.

आता परत येण्याबद्दल, ते कुणीच लिहिलं नाही. जाताना धक्का बसणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, येताना बसेल असं वाटत नाही, म्हणून तो जास्त लागतो. गलाहॉर्न दांपत्याने १९६३ मध्ये हे मांडलंय. तिथे दहा महिने भांडी घासणारा मुलगा घरी आल्यावर पुन्हा धाकटं बाळ होतो, त्याचं सामानही कुणीतरी उचलतं. तो चिडतो, 'तिकडे असं नव्हतं' म्हणतो, आणि घरचे म्हणतात शेफारला. तिथलं काम इथे चालू ठेवा, त्याच दिवसापासून. तिथल्या गोष्टी एकदम वदवून घेऊ नका. 'कसं होतं?' याला 'छान' हेच उत्तर येतं. 'सकाळी उठल्यापासून काय काय करायचास?' असं विचारा, तासभर बोलतील. आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बसा. त्यात तीन पायऱ्या ठेवते मी: नुसतं काय दिसलं, त्याचे अर्थ काय असू शकतात (किमान तीन), आणि मग तुला काय वाटलं. मुलं पहिली पायरी सोडून थेट तिसरीवर उडी मारतात. 'ते उद्धट आहेत' हे दिसलेलं नसतं. 'त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं' हे दिसलेलं असतं.

सहजच
उंबरठा ताई, अवांतर आहे, पण मुलाला दमा आहे. शिबिरानंतर तो पुढच्या वर्षी परदेशी जायचं म्हणतोय. पाठवावं का?

उंबरठा
डॉक्टर हो म्हणाले तर का नाही? औषधांचे दोन भाग कर, दोन्ही हातातल्या सामानात, वेगवेगळ्या पिशव्यांत. खाली जाणाऱ्या बॅगेत काही नको, ती हरवते. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव हवं, कंपनीचं नाव तिकडे कुणी ओळखत नाही. पंप कसा ओढतो ते डॉक्टरांसमोर करून दाखवायला लाव, बरीच मुलं चुकीचं ओढतात. दम लागला तर कधी काय करायचं ते एका कागदावर, यजमानांच्या भाषेत. आणि प्रत्येक औषध त्या देशात चालतं का ते वकिलातीकडून आधी विचारून घे. अँफेटामीन असलेली औषधं जपानमध्ये चिठ्ठी असूनही नेता येत नाहीत. दम्याचं सहसा अडत नाही, तरी विचार.

सहजच
पंपाचं उद्याच करते. पिशव्यांचं लक्षातच आलं नसतं.