वजन उतरणे म्हणजे सुधारणा नव्हे
हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर वजन उतरले म्हणजे प्रकृती सुधारली, हा निष्कर्ष मला अर्धाच पटतो, कारण वजनकाटा चरबी, स्नायू आणि पाणी यांत भेद करत नाही. हार्ट-लंग मशीनच्या (शस्त्रक्रियेदरम्यान हृदय आणि फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्राच्या) साहाय्याने झालेल्या शस्त्रक्रियेनंतर शरीरात पाणी साठून पहिल्या काही दिवसांत वजन बहुधा वाढते आणि लघवी वाढवणाऱ्या औषधांनी ते पुढे उतरते; त्याच सुमारास दाह, अंथरुणावरची विश्रांती आणि मंदावलेली भूक यांमुळे स्नायू झिजत असतात, जे उतारवयात विशेष महागात पडते.

म्हणूनच बीएमआयपेक्षा (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणाऱ्या आकड्यापेक्षा) हाताच्या पकडीची ताकद आणि चालण्याचा वेग पाहणे मला अधिक उपयुक्त वाटते (दोन्ही मोजायला सोपे, तरी दुर्लक्षित). घरी आल्यावर मात्र एक-दोन दिवसांत वजन अचानक किलो-दोन किलोंनी वाढले, तर ते पाणी असण्याचा संभव अधिक असल्याने डॉक्टरांना लगेच कळवावे.